रात्री दहाचं ताट

पत्राचा सारांश: वाचक ४६ वर्षांच्या आहेत. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. घरात नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहावीतला मुलगा. चार-पाच वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. रात्री एक-दीडला छातीत आग होऊन जाग येते, घशाशी आंबट पाणी येतं, मग तासभर बसून राहावं लागतं. सकाळी आवाज बसलेला असतो. तूरडाळ, टोमॅटो, वांगं, दही, लिंबू, मिरची, शेंगदाणे, आंबा असं एकेक करत त्यांनी बंद केलं. आता मूगडाळ, दुधी आणि पडवळ एवढ्यावर आल्या आहेत, तरी जळजळ तशीच. सासूबाई म्हणतात, 'तुझी प्रकृतीच पित्ताची.' गार दूध, जिऱ्याचं पाणी, सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, सगळं करून झालं. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलेली गोळी रोज झोपताना घेतात. पहाटे सव्वापाचला चहा, दीडला डबा, चारला पुन्हा चहा. घरी यायला सव्वाआठ, जेवणं दहाला, सगळ्यांचं झालं की त्यांचं, आणि पावणेअकराला अंथरुणावर. संकष्टीच्या रात्री त्रास ठरलेला. मधूनमधून डोकं धरतं, उलटी काढली की उतरतं. चार वर्षांत वजन आठ किलोने वाढलंय. (हल्ली स्टेशनचा जिना चढताना छाती भरून येते, पण तोही गॅसच असणार, असं त्यांनी कंसात लिहिलंय.) 'काय खायचं नाही याची एक पक्की यादी द्या,' असं त्यांचं म्हणणं आहे. शेवटी एका ओळीत विचारलंय, 'या वर्षी तरी आंबा खाता येईल का?'

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करते. चालताना, चढताना छातीत होणारा कुठलाही त्रास आधी हृदयाचा धरून तपासायचा असतो. तो हृदयाचा नाही हे डॉक्टरांनी सांगितलं की मग त्याला गॅस म्हणायचं. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. अन्ननलिका आणि हृदय छातीत अगदी शेजारी आहेत, त्यामुळे दुखणं कुणाचं हे नुसत्या जाणिवेवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. बायकांच्या बाबतीत तर ते डाव्या हातात उतरेलच असंही नाही. धाप, मळमळ, जबडा भरून येणं, कारण नसताना गळून जाणं, अशा रूपातही ते येतं. सोडा प्यायला, ढेकर आली, बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असं होत नाही.

तेव्हा याच आठवड्यात, रजा टाकावी लागली तरी, डॉक्टरांकडे जा आणि जिन्याची गोष्ट न विसरता सांगा. हृदयाचा त्रास असला तरी आडवं झोपवून काढलेला ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो. पुढची कुठली तपासणी करायची हे डॉक्टर तुमच्या त्या एका वाक्यावरून ठरवतील. आणि बसल्याजागी छाती आवळून आली, दरदरून घाम सुटला, तर गोळी शोधत बसू नका. १०८ला फोन करायचा किंवा थेट हॉस्पिटल गाठायचं. खालचं सगळं त्यानंतरचं आहे.

आता यादीचं. ती मी देणार नाही, कारण ती तुमच्याकडे आहेच आणि तिने काम केलेलं नाही. आठ-दहा गोष्टी सोडूनही रात्रीची जळजळ तसूभर कमी झाली नसेल, तर त्या गोष्टींचा दोष नसावा, एवढं तरी आपण मान्य करू. तुमच्या पत्रात पदार्थांची नावं ओळीने आहेत आणि घड्याळाच्या वेळा जाता जाता आल्या आहेत. मी पत्र वाचताना पेन्सिलीने खुणा केल्या, त्या सगळ्या वेळांवर आहेत.

'पित्त' या शब्दाने आपला बराच गोंधळ करून ठेवलाय. छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. रात्री तुमच्या घशाशी जे येतं ते जठरातलं आम्ल. ते सगळ्यांच्याच पोटात असतं, असायलाच हवं, त्याशिवाय अन्नाचं पचन नीट होणार नाही आणि अन्नाबरोबर गेलेले जंतू मरणार नाहीत. तुमच्या पोटात ते इतरांपेक्षा जास्त तयार होतं असं धरून चालण्याचं कारण नाही. बहुतेकांच्या बाबतीत आम्ल नेहमीएवढंच असतं, ते नको त्या जागी पोचतं इतकंच.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. ती जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरताना ती उघडते, एरवी मिटलेली असते. मात्र जठर तुडुंब भरलं की ते वरून ताणलं जातं आणि ही कडी अधूनमधून आपोआप सैल पडते. हवा बाहेर पडावी, ढेकर यावी, म्हणून शरीराने केलेलीच ती सोय आहे. आपण बसलेलो असलो तर हवा वर येते आणि पाणी खाली राहतं. आडवे झालो की खाली-वर काही उरतच नाही. त्यात जेवण झाल्यावर ताजं आम्ल अन्नाच्या वरच्या थरावर, म्हणजे नेमकं त्या कडीच्या तोंडाशी साठतं. जठराला आतून आम्ल सोसायचं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही. दिवसा थोडं आम्ल वर आलं तरी आपण लाळ गिळत असतो, ती ते धुऊन काढते. झोपेत लाळही कमी आणि गिळणंही कमी, म्हणून वर आलेलं आम्ल तिथेच ठाण मांडतं.

आता तुमचा दिवस या नजरेने बघा. चारच्या चहानंतर दहापर्यंत पोटात काही नाही. त्यातला दीड-दोन तास लोकलमध्ये उभ्याने, पुढे दीड तास ओट्यापाशी. दहाला भूक अशी लागते की तीन पोळ्या आणि वर भात कधी गेला कळत नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सहा तास उपाशी असलेल्या बाईचं जेवण असंच होतं. साध्या जेवणातून जठर मोकळं व्हायला तीन-चार तास लागतात, तेलकट असेल तर आणखी. तुम्ही पाऊण तासात आडव्या होता. एक-दीडला जाग येते यात मला कोडं दिसत नाही. दुधी असो की वांगं, दहा वाजता भरपेट खाल्लेलं काहीही पावणेअकराला वरच येणार. वांग्याला उगीच शिक्षा झाली.

माझी आई आठवते. आमची जेवणं झाली, ताटं उचलली गेली की ती ओट्याशी उभी राहून जेवायची. कढईला लागलेली भाजी पोळीच्या तुकड्याने पुसून घ्यायची, वाटीतलं आमटीचं तळ प्यायची, 'एवढ्याशासाठी फ्रीजमध्ये भांडं कुठे ठेवू?' म्हणत उरलेला भात संपवायची. ताटात किती घेतलं याचा हिशेब तिच्यापाशी कधीच नव्हता, कारण ताट नव्हतंच. साठीत तिची एंडोस्कोपी करावी लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, 'रात्री किती जेवता?' ती म्हणाली, 'काही नाही हो, असंच उरलंसुरलं.' तुम्हीही शेवटी जेवता असं लिहिलंय, म्हणून हे सांगते. उरलेलं डब्यात भरा. सकाळी कामाला येईल, नाही आलं तरी चालेल.

म्हणजे करायचं काय? डोंबिवलीला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या बाईला 'सात वाजता जेवा' म्हणणं सोपं आहे, आणि ते ऐकून तुम्ही हे पान मिटाल. मी निराळं सुचवते: रात्रीचं जेवण दोन भागांत करा, आणि मोठा भाग गाडीत चढण्याआधी. सकाळी डबा भरताना दोन पोळ्या-भाजी जास्तीची घ्या, वेगळ्या डब्यात. सहाला निघत असाल तर पावणेसहाला टेबलाशीच बसून खा. पोळीत भाजी गुंडाळून नेली तरी चालेल, मुगाचं धिरडं किंवा सुकी उसळ आणि भाकरीही टिकते. ऑफिसात शक्य नसेल आणि गाडीत बसायला मिळत असेल तर तिथे. बायकांच्या डब्यात भाजी निवडून होते, मटार सोलून होतात, तर चार घास खायलाही कुणाची हरकत नसते. मग घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं ते वाटीभर मऊ खिचडी, नाहीतर मूगडाळीचं पातळ वरण आणि थोडा भात, एवढ्यासाठी. तेही नऊपर्यंत आटपायचं.

यातली खरी अडचण अन्नाची नाही, हे मला ठाऊक आहे. घरातली जेवणं दहाला का होतात? मुलाचा क्लास, नवऱ्याचं येणं, की सव्वाआठला तुम्ही आल्याशिवाय कुकर लागत नाही म्हणून? शेवटचं असेल, तर कॉलेजातल्या मुलीला आणि दहावीतल्या मुलालाही डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावता येतो. पोळ्या बाहेरून आणणारी घरं डोंबिवलीत कमी नाहीत. सासूबाईंना हे पटवताना 'मला आधी जेवायचंय' असं म्हणू नका, ते त्यांना जड जाईल. 'डॉक्टरांनी नवाच्या आत जेवायला सांगितलंय' म्हणा. खोटं नाही, ते सांगतीलच. कदाचित नवाच्या आतलं जेवण त्यांनाही मानवेल. वय झालं की पचायला वेळ लागतोच, पण सांगायला संकोच वाटतो. जेवणं काही केल्या अलीकडे आली नाहीत, तर बाकीचे जेवताना वाटीभर सार घेऊन शेजारी बसा. गप्पा व्हायला ताट भरलेलं असावं लागत नाही.

जेवणानंतर लगेच ओटा घासायला, केर काढायला वाकू नका. कमरेत वाकलं की पोट दाबलं जातं आणि भरलेल्या जठरावर दाब पडतो. परकराची नाडीही बघा. दिवसभर बांधलेली गाठ रात्री जेवताना तशीच असते, जेवल्यावर ती रुतते आणि तोच दाब येतो. घरी आलात की आधी सैल गाऊन घाला. वजन वाढलंय असं लिहिलंय, ते पोटावर वाढलं असेल तर तेही आतून असंच दाबत असतं. चार-पाच किलो कमी झाले तरी पुष्कळांची जळजळ निम्म्यावर येताना मी पाहिली आहे. पण त्यासाठी उपाशी राहू नका, संध्याकाळी सहाला खाल्लंत की रात्रीचं जेवण आपोआप आटोक्यात येईल.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, शतपावली आणि वामकुक्षी. जेवल्यावर शंभर पावलं सावकाश चालायचं, आणि आडवं व्हायचंच तर डाव्या कुशीवर. वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. हे आजच्या वैद्यकातही बसतं. आपलं जठर डावीकडे झुकलेलं असतं. डाव्या कुशीवर त्याचा फुगा खाली राहतो आणि अन्ननलिकेचं तोंड वर. उजव्या कुशीवर तेच उलटं होतं, म्हणून तिकडे वळल्यावर जळजळ वाढते. तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता ते लिहिलेलं नाही, आज रात्री लक्ष ठेवून बघा.

दुसरं म्हणजे पलंगाची उशाकडची बाजू सहा ते आठ इंच, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. उशीवर उशी चढवू नका, त्याने मान तेवढी दुमडते आणि पोट आणखी आवळतं. कमरेपासून वरचं सगळं अंग उतारावर यायला हवं. आईच्या पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली आम्ही विटा ठेवल्या होत्या. पहिल्या रात्री फरशीवरून पलंग सरकला आणि ती दचकून उठली. मग जुन्या रबरी चपला कापून तळवे विटांखाली आणि विटांवर घातले, तेव्हा बसला. खाली सामान ठेवायचा पेटीचा पलंग असेल तर तो उचलता येत नाही. तिथे उताराची फोमची गादी मिळते, पाठीपासून डोक्यापर्यंत येईल अशी लांब घ्या. पहिले चार दिवस खाली घसरल्यासारखं वाटेल, मग सवय होते.

संकष्टीबद्दल लिहिताना जपून लिहिते, कारण तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तो सोडायला मी सांगणार नाही. पण त्या दिवशी काय होतं बघा. दिवसभर चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, तीही तूप आणि दाण्याच्या कुटात न्हालेली. (शेंगदाणे बंद आहेत म्हणता, उपासाला ते चालतात का?) मग चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याही नंतर. पाट मांडून, नैवेद्य दाखवून दहाला भरलं ताट, वर तूप घालून मोदक. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच घरांतून आली आहे. त्याऐवजी दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि ताक घ्या, किंवा उकडलेलं रताळं. संध्याकाळी निघताना राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. चंद्र दिसल्यावर वाटीभर वरण-भात खाऊन उपास सोडा, मोदक नैवेद्यापुरता एक घास. उरलेले सकाळी गरम करून खा. बाप्पाला तेही चालतं असं माझं मन सांगतं. आणि त्या रात्री साडेअकरापर्यंत पाठ टेकू नका.

आता घरगुती उपायांकडे. लिंबू बंद केलंय असं लिहिता आणि रोज उपाशीपोटी लिंबू-मध घेता. तेच लिंबू आहे, ताई. शरीर 'अल्कलाइन' होतं वगैरे सांगतात, त्यावर विसंबू नका. सुजलेल्या अन्ननलिकेवरून लिंबाचं पाणी जाणं म्हणजे ओरखड्यावर चोळणं. ते उद्यापासून बंद. गार दूध प्यायल्यावर बरं वाटतं हे खरं, ते आम्ल तात्पुरतं सौम्य करतं, पण दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने जठर पुन्हा आम्ल सोडायला लागतं, आणि साय असेल तर पोट रिकामं व्हायला उशीर. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी नावाच्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांना दर तासाला दूध आणि साय द्यायची पद्धत काढली होती. ती कित्येक वर्षं चालली आणि शेवटी मागे पडली. रात्री झोपताना पेलाभर दूध म्हणजे भरलेल्या पोटात आणखी एक पेला, इतकंच. जिऱ्याच्या पाण्याने अपाय नाही, बरं वाटत असेल तर दुपारी घ्या. पुदिना मात्र थंड म्हणून घेऊ नका, त्याने ती स्नायूंची कडीच सैल पडते. जेवणानंतर बडीशेप चघळा, तोंडाला लाळ सुटते, ती कामाची. सोड्याच्या पुड्यांमध्ये मीठासारखंच सोडियम असतं, रक्तदाब असणाऱ्यांनी त्या रोज घेऊच नयेत. मिसरी किंवा तंबाखू लावणाऱ्या काही वाचक आहेत, त्यांना सांगते, त्यानेही ही कडी सैल होते, आणि ते त्याचं सगळ्यात लहान नुकसान आहे.

सूतशेखर या पित्तावरच्या आयुर्वेदिक औषधाबद्दल बरीच पत्रं येतात. घरात डबी असते आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यातली गोळी घेतात. तिच्यात पारा-गंधक घोटून केलेली कज्जली आणि वत्सनाभ या विषारी मुळासारखी तीव्र द्रव्यं असतात. वैद्यांनी तुम्हाला तपासून, दिवस ठरवून दिली तर ठीक, खडीसाखरेसारखी वर्षानुवर्षं घ्यायची ती गोष्ट नाही.

तुमच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलंय, ती ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या कुळातली आहे. ही औषधं चांगली आहेत, पण तुम्ही घेता त्या वेळेला त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. जेवणाआधी अर्धा ते एक तास, रिकाम्या पोटी घेतली तरच ती नीट लागू पडते, कारण आम्ल सोडणारे पंप जेवणाने चालू होतात आणि त्या वेळी औषध रक्तात असावं लागतं. दहाला जेवून पावणेअकराला घेणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणं. तरीही हे वाचून ती एकदम बंद करू नका. बरेच महिने घेतलेली ही गोळी अचानक सोडली की काही आठवडे आम्ल उसळून येतं, आणि माणूस म्हणतो, 'बघा, मला गोळीशिवाय जमतच नाही.' डॉक्टरांना दाखवा, गोळी हवी का, किती दिवस, आणि कशी कमी करायची हे त्यांना ठरवू दे. एवढी वर्षं घेतली आहे तर ब-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या. शाकाहारी असाल तर नक्कीच. दुसरी कुठली औषधं चालू असतील, गुडघ्यासाठी वेदनाशामक, रक्तदाबाची, लोहाची, हाडांची, तर त्यांची पाकिटं बरोबर न्या. त्यांतल्या काहींनी जळजळ वाढते.

डोकं धरतं आणि उलटी काढली की उतरतं, याला तुम्ही पित्ताचीच फांदी मानता. मला ती अर्धशिशी वाटते, म्हणजे मायग्रेन. उलटीनंतर डोकं हलकं होणं हे त्यात नेहमीचं आहे, आणि पोटात वेळेवर अन्न न जाणं हे ते उठण्याचं मोठं कारण. उपासाच्या आणि धावपळीच्या दिवशीच होतं का ते बघा. बोटं घालून उलटी काढणं मात्र थांबवा. दर वेळी तेच आम्ल अन्ननलिका आणि दातांवरून जातं, दातांचं वरचं कवच झिजतं आणि ते परत येत नाही.

मग खायचं काय? एक दोनशे पानी वही घ्या, तिच्यात दोन आठवडे चारच गोष्टी लिहा: किती वाजता खाल्लं, साधारण किती, आडव्या कधी झालात, जळजळ कधी झाली. 'सोमवार. ५.४५ दोन पोळ्या, दुधी. ८.५० वाटीभर खिचडी. ११.३० झोप. जाग नाही.' इतकंच. हे दोन आठवडे पदार्थ आहेत तेच ठेवा, बदलायच्या त्या फक्त वेळा, कूस आणि उतार. पहाटेचा चहा रिकाम्या पोटी न घेता आधी अर्धं केळं किंवा पोळीचा तुकडा खा. चहा दोनच ठेवा, संध्याकाळी पाचनंतर नको.

त्यानंतर बंद केलेले पदार्थ एकेक करून घरात परत आणा. एका वेळी एकच, तीन दिवस, आणि दुपारच्या डब्यात. तूरडाळ आधी आणा, कारण मला तिच्यावर सगळ्यात कमी संशय आहे, आणि इतका काळ मुगावर काढल्यावर चिंचगुळाच्या आमटीचा वास घरात यायला हवा. टोमॅटो, तिखट, कच्चा कांदा काहींना खरोखर झोंबतात. तुम्हाला झोंबतात का हे वहीच सांगेल, मी किंवा सासूबाई नाही. तळलेलं मात्र रात्री नकोच, ते जठरात रेंगाळतं. तुम्हाला पडवळ आवडतं म्हणून तुम्ही खात असाल तर ठीक, भीतीने खात असाल तर त्याने अशक्तपणा येईल, आणि रोजचा घास चवीविना गिळणं हेही एक दुखणंच आहे.

वही, उतार, वेळ हे सगळं करूनही चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, रक्त कमी आहे असं निघालं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झालेल्या वाचकांनीही घरगुती उपायांत महिने घालवू नयेत.

राहता राहिला आंबा. खा, ताई. पिकलेला हापूस फारसा आंबट नसतोच. दुपारच्या जेवणात एक, फोडी करून, पोळीबरोबर, पोट तुडुंब होणार नाही इतका. रविवारी आमरस होईल तेव्हा त्या दिवशी भात घेऊ नका, पुऱ्यांऐवजी पोळी खा, आणि लगेच पंख्याखाली आडव्या न होता सासूबाईंजवळ बसून मोसमाच्या गप्पा करा. रात्रीच्या ताटात आमरस नको. पहिल्या दिवशी वहीत लिहा, 'दुपारी १.३०, आंबा एक.' आणि रात्री एक-दीडच्या रकान्यात काय लिहिलंत ते मला कळवा.